घटना आणि त्रास यांच्या मधलं मन

मानसशास्त्राचं कुठलंही क्रमिक पुस्तक उघडा, पहिल्या प्रकरणात १८७९ हे साल असतंच. त्या वर्षी विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये प्रयोगशाळा काढली आणि तोवर तत्त्वज्ञानाच्या घरात वाढलेलं मानसशास्त्र वेगळं बिऱ्हाड करून राहू लागलं. आपल्याकडे ते आलं १९१६ साली, कलकत्ता विद्यापीठात. वुंट यांचे शिष्य ह्युगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे हार्वर्डमध्ये शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता तिथे विभागप्रमुख झाले. मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग निघाला १९५९ साली. आज तो कालिन्याच्या आवारात आहे.

हा इतिहास खरा आहे, पण तो प्रयोगशाळांचा आणि विभागांचा आहे. मनाबद्दलच्या विचाराचा इतिहास याहून फार लांबचा आहे, आणि मुंबईत राहणाऱ्याला तो शोधायला परदेशी जावं लागत नाही. पश्चिम रेल्वेने बोरिवलीपर्यंत गेलं तरी त्याचं एक टोक हाती लागतं.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. अंधेरीतल्या एखाद्या ऑफिसात सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब दोघांना एकाच सुरात झापतात. रिपोर्ट वेळेवर आला नाही, एवढंच कारण. त्यातला एक जण टपरीवर चहा पिताना ‘आज साहेबांचं डोकं ठिकाणावर नाही’ म्हणतो आणि कामाला लागतो. दुसऱ्याला दुपारी जेवण जात नाही. घाटकोपरकडे जाणाऱ्या मेट्रोत उभा असताना साहेबांचं तेच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत राहतं, रात्री छातीत धडधडतं, पहाटे तीनला जाग येते. घटना एकच. साहेबांमुळे धडधडलं म्हणावं, तर पहिल्याच्या छातीत का नाही? म्हणजे घटना आणि त्रास यांच्या मध्ये काहीतरी घडतं. ते काय असतं, आणि माणसाला तिथे हात घालता येतो का? या प्रश्नाला जगाने दिलेल्या जुन्या उत्तरांपैकी तीन उत्तरं पुढे मानसोपचारात उतरली, आणि त्या तिन्हींशी मुंबईचा संबंध आहे.

पहिलं उत्तर कान्हेरीच्या डोंगरात राहत होतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली ही शंभराहून अधिक लेणी इसवी सनाच्या आगेमागे कोरायला सुरुवात झाली आणि पुढे सुमारे हजार वर्षं इथे बौद्ध भिक्खूंची वस्ती होती. सुट्टीच्या दिवशी येणारी बहुतेक मंडळी तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाशी, बुद्धाच्या उंच मूर्तींपाशी फोटो काढून परततात. मनाच्या इतिहासात ज्याला रस आहे त्याने वर चढून लहान लेणी पाहावीत असं मला वाटतं. बाहेर ओसरी, आत एका माणसापुरती खोली, खोलीत कातळातच राखलेला झोपायचा ओटा, आणि दाराशी पावसाचं पाणी साठवायची टाकी, जिला इथल्या शिलालेखांत पोढी म्हटलं आहे. खोलीत सामान ठेवायला जागा नाही, उजेड दारातून येईल तेवढाच. पावसाळ्यात भिक्खूंनी भटकायचं नाही, एके ठिकाणी वर्षावास करायचा, असा संघाचा नियम होता. त्या तीन महिन्यांत माणूस या ओट्यावर बसून करणार काय? मनात काय उठतं आणि कसं विरतं हे पाहणं, हेच तिथलं काम होतं. त्यासाठी कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दान दिलं, आणि त्याच्या नोंदी त्या दगडावर आजही वाचता येतात. मनाच्या निरीक्षणासाठी मुद्दाम बांधलेली आणि समाजाच्या पैशावर चाललेली इतकी जुनी जागा आपल्या शहराच्या हद्दीत आहे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

त्या निरीक्षणातून निघालेली मांडणी थोडक्यात अशी. साहेबांचा आवाज कानावर आदळला, हा स्पर्श. त्याबरोबर शरीरात एक संवेदना उठली, या वेळी नकोशी. पाठोपाठ तृष्णा आली: हे बंद व्हायला हवं, असं माझ्या वाट्याला यायलाच नको. मग माणूस त्या ‘नको’ला घट्ट धरून बसतो आणि दुःखाला सुरुवात होते. आवाज कानावर पडणं आपल्या हाती नाही, संवेदना उठणंही नाही. पण संवेदना आणि तृष्णा यांच्या मधला दुवा सराव केला तर ढिला करता येतो, कारण लक्ष देऊन पाहिलेली संवेदना फार काळ टिकत नाही. त्या काळात मेंदूबद्दल आजच्यासारखं ज्ञान नव्हतं. तरीही हे विश्लेषण आजच्या भाषेत मानसशास्त्रीयच आहे: घटनाक्रम कोणता, त्यातली कुठली कडी बदलता येते आणि कशाने.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या आपल्या ग्रंथात बुद्धाच्या शिकवणुकीचं वेगळेपण सांगताना मनाला केंद्रस्थानी मानण्याचा मुद्दा अगदी पुढे ठेवला आहे. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९५७ साली, बाबासाहेबांच्या निधनानंतर. बुद्धपौर्णिमेला कान्हेरीला जाणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना ही लेणी परकी वाटत नाहीत, त्याचं मोठं कारण हा ग्रंथ आहे. आणि कान्हेरीहून पश्चिमेला, खाडीपलीकडे गोराईला, २००९ साली ग्लोबल विपश्यना पॅगोडा उभा राहिला. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आले आणि त्यांनी पहिलं शिबिर मुंबईतच घेतलं. त्या शिबिरांत शिकवतात तो भाग मुख्यतः वर सांगितलेल्या त्या एका कडीचा आहे: शरीरावरची संवेदना पाहा, तिच्यामागे धावू नका, तिला ढकलू नका. डोंगरातली लेणी आणि खाडीपलीकडचा घुमट यांच्यामध्ये जवळपास दोन हजार वर्षांचं अंतर आहे, आणि दोन्ही जागा बोरिवलीच्या अंगणात आहेत.

कान्हेरीत सातवाहनांच्या काळात छिन्नी चालू होती, त्याच सुमारास भूमध्य समुद्राकाठी दुसरं उत्तर आकार घेत होतं. एपिक्टेटस हा गुलामगिरीत जन्मलेला, पायाने अधू माणूस. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा. रोममध्ये तो स्टोइक पंथाचं तत्त्वज्ञान शिकला, स्वतंत्र झाला, सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा ग्रीसमध्ये निकोपोलिसला गेला आणि तिथे त्याने शाळा काढली. त्याने स्वतः काही लिहिलं नाही, त्याचा शिष्य आरियन याने त्याचं बोलणं उतरवून ठेवलं. त्याचं म्हणणं असं की माणसाला गोष्टी अस्वस्थ करत नाहीत, त्या गोष्टींबद्दल तो जे ठरवून बसतो ते त्याला अस्वस्थ करतं. साहेब ओरडले हे खरं. पण ‘माझी लाज गेली, आता माझं काही खरं नाही’ हा निवाडा माझा मी दिला. तो मागेही घेता येतो. बौद्ध विचाराने हात घातला संवेदनेशी, स्टोइकांनी निवाड्याशी. तेव्हा सोपारा आणि कल्याणच्या बंदरांत रोमी जहाजांचा माल उतरत होता, पण म्हणून हा विचार इकडून तिकडे गेला किंवा तिकडून इकडे आला असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. वेगवेगळ्या माणसांनी एकाच प्रश्नापाशी थांबून नीट पाहिलं, एवढं मला पुरेसं वाटतं.

तिसरं उत्तर पतंजलीचं. योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या आहेत: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती. म्हणजे बरोबर ज्ञान, चुकीचं ज्ञान, नुसत्या शब्दांवर उभी राहिलेली कल्पना, झोप आणि आठवण. पाच क्लेशही सांगितले आहेत, त्यांचं मूळ अविद्येत. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची सूचना दुसऱ्या पादात आहे: त्रास देणारे विचार उठले की त्यांच्या विरुद्ध बाजूचा विचार जाणीवपूर्वक करावा. तिला प्रतिपक्षभावना म्हणतात. योग म्हणजे आसनं असं समजणाऱ्यांना हे सूत्र दाखवावं. मनात चाललेल्या वाक्याला दुसऱ्या वाक्याने उत्तर द्यायचं, ही कल्पना त्यात स्पष्ट आहे.

हा पतंजली आधुनिक मुंबईत आला तो अंधेरीच्या पश्चिमेला, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर. मणिभाई हरिभाई देसाई हे सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेले गुजराती तरुण, पुढे श्रीयोगेंद्र म्हणून ओळखले गेले. वर्सोव्याला दादाभाई नौरोजींच्या ‘द सँड्स’ या घरात २५ डिसेंबर १९१८ रोजी त्यांनी द योगा इन्स्टिट्यूट सुरू केली. संस्था नंतर सांताक्रूझला गेली, ती आजही तिथे चालू आहे. तिचं वेगळेपण असं की योग गुहेतून आणि मठातून काढून प्रपंचातल्या माणसाच्या हाती द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. श्रीयोगेंद्रांचे गुरू परमहंस माधवदासजी. त्यांचेच दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम मोजून छापायला सुरुवात केली. एका गुरूचे दोन शिष्य, दोघांचा ध्यास एकच: योगाबद्दल जे सांगतो ते दाखवता आलं पाहिजे.

या ध्यासाचं खरं फळ दिसलं परळच्या केईएम रुग्णालयात. हा प्रसंग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो फार थोड्या मराठी वाचकांना ठाऊक आहे. डॉ. एन. एस. वहिया हे तिथले मानसोपचारतज्ज्ञ. कैवल्यधामचे डॉ. एस. एल. विनेकर आणि केईएममधले सहकारी डॉ. दूनगाजी यांच्याबरोबर त्यांनी १९६६ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. विषय होता, मानसिक आजारांच्या उपचारात प्राचीन भारतीय संकल्पनांचा वापर. त्यांनी पतंजलीतून पाच पायऱ्या घेतल्या: आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान. आधीच्या उपचारांनी गुण न आलेले, चिंतेने आणि मनामुळे शरीराला जडलेल्या विकारांनी त्रासलेले बाह्यरुग्ण रोज येऊन हा सराव करत.

नुसतं एवढंच केलं असतं तर ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ म्हणणाऱ्यांत आणखी एक भर पडली असती. वहिया आणि त्यांचे सहकारी तिथे थांबले नाहीत. पुढच्या अभ्यासात, जो १९७३ साली प्रसिद्ध झाला, त्यांनी तुलनेसाठी दुसरा गट घेतला. त्या गटातल्या रुग्णांनाही आसनांसारख्या दिसणाऱ्या स्थितींत बसवलं, प्राणायामासारखा दिसणारा श्वास करायला लावला, तसाच धीर दिला. फक्त धारणा आणि ध्यानाचा गाभा त्यात नव्हता, त्याऐवजी मनात येणारे विचार कागदावर लिहून काढायला सांगितलं. पूर्ण उपचार मिळालेल्या गटाला अधिक गुण आला. आजच्या कसोट्या लावल्या तर रुग्णसंख्या कमी आणि पद्धत सैल म्हणावी लागेल. पण प्रश्न विचारण्याची रीत बिनचूक होती: गुण आला तो पतंजलीमुळे, की रोज कुणीतरी आपुलकीने तासभर लक्ष देतं म्हणून? दीड-दोन हजार वर्षांच्या सूत्रग्रंथाला हा प्रश्न विचारायला धैर्य लागतं, आणि त्या ग्रंथाबद्दल खरा आदरही लागतो. जे तपासून पाहायच्या लायकीचं आहे तेच माणूस तपासतो.

१९७३च्या त्या निबंधाच्या लेखकांत दिलीप जेस्ते हे तरुण डॉक्टर होते. महाराष्ट्रात जन्मलेले, पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकलेले जेस्ते पुढे अमेरिकेत गेले आणि २०१२ साली अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. वार्धक्य आणि शहाणपण हा त्यांच्या संशोधनाचा विषय, आणि भगवद्गीतेतली शहाणपणाची कल्पना आजच्या संशोधनाशी ताडून पाहणारा निबंधही त्यांच्या नावावर आहे.

आता पुन्हा एपिक्टेटसकडे, कारण त्याचीही मुंबईत मोठी सोय झाली.

न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस तरुणपणी अतिशय बुजरे होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःलाच काम दिलं: ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलायचं. बोलले. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही, आणि भीती गेली. पुढे ते मनोविश्लेषणाच्या पद्धतीने उपचार करू लागले, तिच्या संथपणाला कंटाळले, आणि १९५५ साली त्यांनी आपली पद्धत मांडली. तिचा पाया स्टोइक विचाराचा आहे हे त्यांनी कधी लपवलं नाही, एपिक्टेटसचं ऋण ते वारंवार सांगत. त्यांच्या मते निवाड्यात घोटाळा होतो तो एका हट्टामुळे. ‘साहेबांनी मला मान द्यावा’ ही इच्छा निरोगी आहे. ‘दिलाच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोलाचा’ हा हट्ट झाला, आणि धडधड त्याची आहे. जवळपास त्याच काळात फिलाडेल्फियात आरन बेक यांनी नैराश्यावर काम करत याच दिशेची पद्धत बसवली, आणि तिचंही मूळ स्टोइकांपाशी असल्याचं लिहून ठेवलं.

मुंबईचे प्रा. कि. मो. फडके यांनी १९६८ साली एलिस यांना पत्र लिहिलं. त्यातून सुरू झालेला पत्रव्यवहार काही दशकं चालला. तो गुरूला शंका विचारणाऱ्या शिष्याचा नव्हता, सिद्धांतात भर घालणाऱ्या सहकाऱ्याचा होता. एलिस यांच्या पद्धतीत चुकीच्या समजुतीचा प्रतिवाद करणं ही मुख्य पायरी आहे. पण प्रतिवाद करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? फडक्यांनी तिचे तीन भाग केले. आधी हट्टाचं वाक्य हुडकून काढायचं, मग त्यातली इच्छा आणि हट्ट वेगळे करायचे, मग हट्टाशी वाद घालायचा. एलिस यांनी ही मांडणी आपल्या लेखनात फडक्यांच्या नावाने घेतली.

ऑफिसातल्या त्या दुसऱ्या माणसाला समुपदेशक हेच करायला लावेल. वहीत लिही: मीटिंगमध्ये काय झालं. त्याखाली लिही: त्या क्षणी तू स्वतःशी काय म्हणालास. तो लिहील, ‘सगळ्यांसमोर असं व्हायलाच नको होतं, आता मला कुणी विचारणार नाही.’ मग समुपदेशक विचारेल, सगळ्यांसमोर बोलणी खाणं तुला आवडलं नाही हे ठीक, पण तसं व्हायलाच नको हा नियम कुठे लिहिलाय? त्या मीटिंगमधल्या बाकीच्यांनी कधीच बोलणी खाल्ली नाहीत? आणि त्यांना तू विचारेनासा झालास का? उत्तरं लिहिता लिहिता वाक्य बदलतं. राग आणि खंत उरते, ती उरायलाच हवी, पण पहाटेची जाग कमी होते. असा सराव आठवडेच्या आठवडे करावा लागतो.

ही पद्धत मराठी माणसाला रुचली यात मला नवल वाटत नाही. मनाशी बोलून त्याला समजावण्याची सवय इथे घरोघर होती. रामदासांचे मनाचे श्लोक २०५, आणि ते मनालाच उद्देशून आहेत. फरकही मोठा आहे, तो पुसून टाकू नये: रामदास मनाला रामाकडे वळवतात, एलिस देव न मानणारे होते. मराठीत एलिस यांची पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने रुजली. डॉ. अंजली जोशी यांनी एलिस यांच्यावर ‘मी अल्बर्ट एलिस’ आणि फडक्यांच्या आयुष्यावर ‘विरंगी मी! विमुक्त मी!’ ही पुस्तकं लिहिली. मुलुंडच्या पुढच्याच स्टेशनाला, ठाण्यात, केईएममध्ये मानसोपचार शिकलेल्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था काढली, आणि विवेकनिष्ठ विचार व्याख्यानांतून, पुस्तकांतून, हेल्पलाइनवरून मध्यमवर्गीय मराठी घरांत पोहोचवला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बुद्धाला निर्वाण हवं होतं, पतंजलीला कैवल्य, एपिक्टेटसला सद्गुणी आयुष्य. रात्रीची झोप नीट लागावी एवढ्यासाठी त्यांनी हा उद्योग मांडला नव्हता. मानसोपचाराने त्यांच्या मोठ्या वृक्षाची एक फांदी घेतली. काहींना यात मूळ विचाराची हानी वाटते. मला वाटत नाही. त्रासलेल्या माणसाला फांदीची सावली मिळाली तर वृक्षाचं काही कमी होत नाही. मात्र फांदी म्हणजेच वृक्ष असं कुणी सांगू लागलं तर त्याला अडवावं. तसंच उलट बाजूने: स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार यांत औषधं आणि डॉक्टर लागतात, दहा दिवसांचं मौन किंवा वहीतला प्रतिवाद त्यांची जागा घेऊ शकत नाही. अशा वेळी सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

मुंबईतल्या आणि महाराष्ट्रातल्या मानसशास्त्राच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. विषयाचा इतिहास शिकवताना वहिया-विनेकरांचा १९६६चा निबंध विद्यार्थ्यांच्या हाती द्या, १९७३चा तुलना-गटाचा प्रयोग फळ्यावर मांडा, त्यातल्या उणिवा विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्या. फडक्यांच्या तीन पायऱ्या त्यांच्या नावानिशी शिकवा. ही कामं परीक्षेला येत नसतील तर अभ्यासक्रमात आणण्यासाठी विद्यापीठाकडे आग्रह धरा.